चोपन्न पौंड

"आउट!"

चेंडू मागच्या रेषेपलीकडे चार बोटं पडला होता. विद्युलताने रॅकेट डाव्या हातात घेतली आणि उजव्या तळव्याकडे पाहिलं. सकाळपासून ती तळव्याकडे अशीच बघत होती, कुणा परक्याचा तळवा चुकून आपल्या मनगटाला लागावा तशी.

चेन्नईतल्या नुंगम्बाक्कमच्या स्टेडियमचं हे बाजूचं कोर्ट. प्रेक्षक म्हणजे समोरून खेळणाऱ्या कीर्तना या मुलीच्या टेनिस अकादमीतली पाच-सहा पोरं, वर्तमानपत्राने वारा घेणारे दोन म्हातारे, छत्रीखाली आई हेमावती, आणि सावलीतली जागा सोडून मुद्दाम उन्हात बसलेले आप्पा. विद्युलता सर्व्हिस करताना तिचा उजवा खांदा जिथून दिसेल, तिथेच ते बसत. बारा वर्षांची होती तेव्हापासून.

"अक्का, टॉवेल पडला तुमचा," जाळीजवळून जाताना कीर्तना म्हणाली. एकोणीस वर्षांची पोर. विद्युलतापेक्षा दहा वर्षांनी लहान.

"राहू दे. तुझाही पडायचा आहे अजून."

कीर्तना हसली. पण पहिला सेट तिने घेतलाच. घेतला म्हणण्यापेक्षा विद्युलताने दिला. एकेक चेंडू रेषेपार, चार बोटं, कधी वीतभर. मारताना वाटे, हा आत पडणार. पडायचा बाहेर.

लांबलेल्या दुखापतीतून परतणाऱ्या खेळाडूला तिचा जुना क्रमांक थोड्या स्पर्धांपुरता वापरू देतात. लग्नापुरती शेजारणीची साडी आणावी तसा. नेसायची, मिरवायची, घडी मोडली म्हणून ओशाळून परत द्यायची. विद्युलताची त्या क्रमांकावरची ही शेवटची स्पर्धा होती. पहिल्या फेरीतली मुलगी तापाने पडली म्हणून ती दुसऱ्या फेरीत आली होती. आज जिंकली तर मिळणाऱ्या गुणांवर तिचं नाव यादीत राहिलं असतं, हरली तर पुढच्या स्पर्धांच्या पात्रता फेरीलाही कुणी उभं करणार नव्हतं. फलकावर पांढऱ्या अक्षरांत 'यू. विद्युलता' लिहिलं होतं. ते 'यू' आप्पांच्या नावाचं, उमाकांतचं. मद्रासच्या रीतीने बापाचं नाव पुढे चालायचं, मागून लेक.

सासुरवाशीण माहेरच्या वाटेवरली गावं सांगते, तशी विद्युलता दुखापती सांगायची. घोटा इंदूरच्या कोर्टवर ठेवला. मनगट थायलंडच्या पावसात. गुडघ्याची कूर्चा कोलकात्याला, आणि खांदा इथेच, घरच्या गावी. वर्तमानपत्रात तिचं नाव आलं ते बहुतेक वेळा 'दुखापतीमुळे माघार' या शब्दांच्या शेजारी. मोठी कधी झाली नाही ती. पण दरवेळी परतली. परतून पहिला चेंडू मारला, की हात म्हणायचा, मी आहे.

या वेळी हात काही बोललाच नव्हता.

दोन वर्षांपूर्वी खांद्यातला फाटलेला स्नायू शिवला. पेरुंगुडीच्या दवाखान्यात श्रीविद्या नावाची फिजिओथेरपिस्ट तिच्याकडून रबरी पट्टे ओढून घ्यायची. खिडकीखाली आयटी कंपन्यांच्या बसगाड्या उभ्या, आणि आत विद्युलता हात खांद्याच्या वर नेण्यासाठी भिंतीवर बोटांनी चढत असायची, पाल चढते तशी. तिथेच एकदा श्रीविद्या आप्पांसमोर म्हणाली होती, "रॅकेटच्या तारा ढिल्या करायला हव्यात, अंकल. चेंडूचा हिसका कमी बसेल. शिवण नवी आहे."

"खांदा हवा तर परत काप," विद्युलता म्हणाली. "तारा चोपन्नच राहणार."

चोपन्न पौंडांचा ताण. अठराव्या वर्षापासून तोच. ताण कमी केला की तारा झोळीसारख्या होतात, चेंडू उसळी घेऊन लांब जातो, जोर फुकट मिळतो पण नेम जातो. विद्युलताच्या खेळात जोर कधी नव्हताच. नेम होता.

तारा आप्पाच ओढायचे. ते चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात मापं तपासणारे. खडकीहून बदलीवर आले, इथल्या तंजावरी मराठी घरातल्या हेमावतीशी लग्न केलं आणि इथलेच झाले. दुसऱ्यांनी बनवलेला भाग केसभर जास्त की कमी, एवढंच त्यांनी आयुष्यभर सांगितलं. त्यांच्या खात्यात एक रीत होती. एकाने माप घ्यायचं, दुसऱ्याने ते काट्यावर वाचून मोठ्याने म्हणायचं. दुसऱ्या तोंडातून आल्याशिवाय माप खरं धरायचं नाही. निवृत्तीनंतर त्यांनी मागच्या खोलीत रॅकेटला तारा घालायचं यंत्र बसवलं. तिथे वाचायला दुसरं कुणी नव्हतं. गरजही कुणाला वाटली नाही.

शस्त्रक्रियेनंतर पुन्हा खेळू लागल्यावर एका संध्याकाळी तिने विचारलं होतं, "आप्पा, तारा ढिल्या वाटतात का हो?"

आप्पा यंत्राशी होते. मान वर न करता म्हणाले, "चोपन्नच आहेत. तुझा हात अजून आलेला नाही, विजू. येईल हळूहळू."

त्यानंतर तिने विचारलं नाही. पूर्वी सामन्याआधी ती तारा तळव्यावर आपटून आवाज ऐकायची. तेही सोडलं. दोष हाताला दिल्यावर तारांना काय विचारायचं?

रोज संध्याकाळी आई खांद्याला तीळतेल चोळायची. चोळता चोळता तंजावरी घरातल्या जुन्या चालीवर आपणच जुळवलेलं काही म्हणायची:

*खांद्याला लावू तेल, तेल तिळाचं कोवळं*
*लेकीच्या दुखण्याला नाव ठेवू गं वेगळं*

"काय नाव ठेवशील, अम्मा?"

"ठेवीन कांहीतरी. अळशी मांजर ठेवीन. ऊठ म्हणटलें तरी उठत नाहीं."

*

दुसऱ्या सेटच्या सुरुवातीलाच फट् झालं आणि रॅकेटची एक तार तुटली. पिशवीत आणखी एकच रॅकेट होती. तिला भीती वाटली, हीही तुटली तर? तिने तुटकी रॅकेट कठड्यापाशी आणली. आप्पा आधीच उठून तिथे आले होते.

"वेंकटकडे टाका. पटकन," ती म्हणाली. वेंकट स्पर्धेचा तारा घालणारा. त्याचा तंबू जिन्याखाली होता. "चोपन्न सांगा."

आप्पांनी रॅकेट घेतली, पण हलले नाहीत. तिच्या तळव्याकडे पाहत होते. आज सकाळपासून ती ज्याच्याकडे पाहत होती त्याच तळव्याकडे.

"जा ना, आप्पा!"

ते गेले. विद्युलता दुसऱ्या रॅकेटने खेळत राहिली, आणि चेंडू रेषेपार जात राहिले. अकादमीतल्या पोरांपैकी एक तमिळमध्ये ओरडला, "कीर्तना, लवकर आवर, कँटीनची बिर्याणी संपेल!" सगळे हसले. वर्तमानपत्रवाले म्हातारेसुद्धा.

रॅकेट परत आली तेव्हा कीर्तना पुढे होती. आप्पांनी ती कठड्यावरून दिली. मग जाऊन बसले. या वेळी सावलीत. आईच्या छत्रीच्या आडोशाला, जिथून खांदा दिसत नव्हता.

विद्युलताने सर्व्हिस केली. चेंडू परत आला. तिने मारला.

टण्ण.

तो आवाज तिच्या हातातून वर चढला, कोपरातून, दंडातून, थेट शिवणीपर्यंत. दुखलं. पण चेंडू रेषेच्या आत, अगदी कोपऱ्यात, ठेवल्यासारखा पडला. कीर्तना हललीही नाही.

पुढचाही आत. त्याच्या पुढचाही. दीड वर्ष मुकी झालेली बाई अचानक बोलू लागावी तसा हात बोलत होता. डावीकडे? डावीकडे. आखूड? आखूड. विद्युलताला हसू यायला लागलं. म्हातारे वर्तमानपत्र खाली ठेवून बघू लागले. पोरांचं बिर्याणीचं बोलणं थांबलं.

जागा बदलताना ती खुर्चीवर बसली. पिशवीतली दुसरी रॅकेट काढली. तळव्यावर आपटून कानाशी धरली.

धप्.

मग नवी आपटली.

टण्ण.

तिने वर पाहिलं. आप्पा छत्रीआड होते. फक्त त्यांचे गुडघे दिसत होते, आणि गुडघ्यांवर उताणे ठेवलेले दोन हात.

दुसरा सेट विद्युलताने जिंकला. त्यात आनंद झाला का, हे तिला नंतरही सांगता आलं नसतं. प्रत्येक फटक्याला दोन गोष्टी एकदम कळत होत्या. हात कधी गेलाच नव्हता. आणि खांदा आता जात होता.

तिसऱ्या सेटमध्ये सर्व्हिससाठी हात वर गेला आणि आत काहीतरी सुटलं. कापड फाटण्याआधी शिवण जशी टाकाटाकाने उसवते तसं. स्पर्धेची फिजिओ धावत आली, दाबून बघितलं, आणि हळूच म्हणाली, "थांबा आता. सांगते मी अंपायरला."

"नको."

"अहो, हात वर जात नाहीये तुमचा."

"खालून करेन."

टेनिसमध्ये कंबरेखालून सर्व्हिस करायला बंदी नाही. पण तशी शिकाऊ मुलं करतात, नाहीतर समोरच्याला चिडवायचं असलं तर करतात. विद्युलता लहान मुलीसारखी चेंडू खालून ढकलत राहिली. पोरं पुन्हा हसायला लागली. "ड्रॉप मार, कीर्तना! पळव अक्काला!" कीर्तनाने एकदा त्यांच्याकडे रागाने पाहिलं, पण ड्रॉप मारलाच. जिंकायला आली होती ती. विद्युलता पळाली. पोचली तेवढे चेंडू परत केले, आणि परत केलेले बहुतेक आत पडले. शेवटचा जाळीत गेला.

जाळीपाशी तिने डावा हात पुढे केला.

"सॉरी, अक्का," कीर्तना म्हणाली. मग आवाज खाली आणून, "दुसऱ्या सेटला भीती वाटली मला तुमची. खरंच. आधी का नाही असं खेळलात?"

विद्युलताला उत्तर ठाऊक होतं. ते सांगण्यासारखं नव्हतं.

*

दंडावर बर्फ बांधून ती जिन्याखाली वेंकटच्या तंबूत गेली. वेंकट कुणाचीतरी रॅकेट सोडवत होता.

"माझी कितीवर ओढलीस?"

"चोपन्न. का, मॅडम? जास्त झाली?" त्याने तिच्या दंडावरचा बर्फ पाहिला आणि घाबरला. "मी आपल्या मनाने नाही केलं हं. सरांनीच सांगितलं. आधी सेहेचाळीस म्हणाले. मी लावायला घेतलं. सर जिन्यापर्यंत गेले, तिथे थोडा वेळ उभे राहिले. मग परत आले आणि म्हणाले, चोपन्न कर. मी विचारलं पण, नक्की ना सर, फरक फार आहे. म्हणाले, पोरीचा आकडा तो आहे."

"आणि ही?" तिने दुसरी रॅकेट पुढे केली.

वेंकटने तारांवर बोट टेकवून सोडलं. "ही? ही पंचेचाळीसच्या वर नाही. ही घेऊन खेळत होता तुम्ही?"

घरी जायला टॅक्सी बोलावली होती. आई पुढे बसली. मागे विद्युलता आणि आप्पा, मध्ये रॅकेटची पिशवी. अण्णा नगरच्या सिग्नलला टॅक्सी थांबली.

"कधीपासून?" विद्युलताने विचारलं.

"तू परत खेळायला लागलीस तेव्हापासून." आप्पा काचेबाहेर पाहत होते. "एकदम नाही केलं. तुझा जोर वाढत गेला तसं दरवेळी थोडं थोडं उतरवत गेलो. श्रीविद्या म्हणाली होती. तू ऐकणार नव्हतीस."

"नसतंच ऐकलं."

"मग?"

"मग भांडायचं होतं माझ्याशी. यंत्र फोडायचं होतं. तारा नाही घालत म्हणायचं होतं." तिचा आवाज चढला तसा ड्रायव्हरने आपणहून रेडिओ बंद केला. "मी विचारलं होतं तुम्हाला, आप्पा. तोंडावर विचारलं होतं, ढिल्या आहेत का. तुम्ही म्हणालात, तुझा हात."

आप्पांनी काच थोडी खाली केली.

"दीड वर्ष मी या हाताला शिव्या घातल्या. झोपताना उशीखाली दाबून ठेवायचे, बघायला नको म्हणून. मेला होता तो माझ्यासाठी. आणि तुम्ही रोज समोर बसून बघत होतात."

"खांदा वाचत होता, विजू."

"कुणासाठी? नाव घ्या ना त्याचं. कोणासाठी वाचत होता?"

पुढच्या सीटवरून हेमावती वळली. "पुरे कीं गे, कण्णू. तुटेल त्यांचें मन."

"तुला माहीत होतं, अम्मा?"

हेमावतीने पदराने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि समोर पाहू लागली.

"आणि आज?" विद्युलता आप्पांकडे वळली. "आज का सांगितलंत चोपन्न?"

आप्पांनी बाहेरची नजर तिच्या तळव्याकडे वळवली. मग म्हणाले, "तू हाताकडे बघत होतीस. कारखान्यात एखादा भाग बरोबर असायचा आणि माझ्या मापातच चूक असायची. पोरगा बिचारा आपला भाग पुन्हा पुन्हा घासत राहायचा. तसं दिसलं मला." त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "म्हटलं, एकदा तरी खरं कळू दे तिला."

"खरं खूप उशिरा कळलं, आप्पा. आणि खांदापण गेला. दोन्ही नेलंत."

घर येईपर्यंत त्यांनी तो हात पिशवीवरून उचलला नाही.

*

खांद्याची शिवण पूर्ण उसवली होती. डॉक्टर म्हणाले, पुन्हा शिवता येईल, पण रोजच्या कामापुरता. वेणी घालता येईल, डबा उतरवता येईल. त्याहून जास्त काही मागू नका त्याच्याकडे. विद्युलताने यादीतून नाव काढण्याचं कळवलं. कुणी फोन केला नाही. कीर्तनाचा तेवढा एक निरोप आला, हात जोडलेल्या चित्रासकट.

पेरुंगुडीच्या एका मोठ्या सोसायटीत मुलांना शिकवायचं काम बरेच दिवस वाट बघत होतं, ते तिने घेतलं. कंपन्यांतून उशिरा परतणारे आईबाप मुलांना तिच्यावर सोपवत. ती झोळीतला उजवा हात पोटाशी धरून डाव्या हाताने त्यांना चेंडू टाकायची. एका मुलीने विचारलं, "मिस, तुम्ही डावऱ्या?" ती म्हणाली, "हो."

आप्पांशी ती बोलत होती. जेवण झालं का, औषध घेतलंत का, वीजबिल आलंय. त्यापलीकडे काही नाही. रोजच्या कामापुरतं.

मग एका रविवारी दुपारी मागच्या खोलीतून यंत्राचा आवाज आला. विद्युलता दारात जाऊन उभी राहिली. आप्पांनी तिच्या सगळ्या रॅकेटच्या जुन्या तारा कापून काढल्या होत्या. तारांच्या गुंतवळ्याचा ढीग पायाशी पडला होता. एक मोकळी चौकट यंत्रावर चढवलेली होती.

"कशाला?" तिने विचारलं.

"या घरातून ढिली रॅकेट जायला नको."

"जाणार कुठे आहे ती?"

आप्पांनी पहिली तार ओवली, पकडीत धरली, आणि यंत्राच्या काट्यापुढून स्वतः बाजूला सरकले. एका माणसाला उभं राहता येईल एवढी जागा झाली. त्यांनी त्या जागेकडे पाहिलं, तिच्याकडे नाही.

"वाच," ते म्हणाले.

विद्युलता दाराच्या चौकटीला टेकून तशीच राहिली. स्वयंपाकघरातून आई काहीतरी गुणगुणत होती. शब्द लागत नव्हते, चाल तेवढी येत होती. आप्पांचे हात तारेवर थांबले होते. हात म्हातारे झाले होते, पण त्यांनी ताण सोडला नव्हता.

ती आत आली. काट्यासमोर उभी राहिली. वाकून, डोळे बारीक करून, परक्या माणसाचं माप तपासावं तसं तिने पाहिलं.

"चोपन्न," ती म्हणाली.

आप्पांनी पुढची तार ओढली.

"चोपन्न."

तिने एकही तार न वाचता सोडली नाही. एकदाही त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. ते ओढायचे, थांबायचे. ती वाचायची, मग ते पुढे जायचे. आईचं गुणगुणणं मध्येच थांबलं, तरी या दोघांचं चालूच होतं.

शेवटची गाठ बसली. आप्पांनी रॅकेट यंत्रावरून उतरवली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. विद्युलताने ती डाव्या हातात घेतली, झोळीतल्या उजव्या तळव्यावर अलगद आपटली, आणि कानाशी धरली.

मग तिने ती भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. नव्या तारा त्याच संध्याकाळपासून ढिल्या व्हायला लागतात, कुणी खेळो वा न खेळो. ते दोघांनाही ठाऊक होतं.

"दुसरी लावा," ती म्हणाली.